मनिऑर्डर कोणत्या दिशेने जाते

जॅक केरुआकची 'ऑन द रोड' १९५७ साली आली, आणि तेव्हापासून ती गाडी, वेग, जाझ आणि रात्र-रात्र बडबडणाऱ्या डीन मोरिआर्टीची कादंबरी म्हणून वाचली जाते. आपल्याकडे तिचं नाव निघतं तेही याच कारणाने. घर नको, नोकरी नको, रस्ता हवा, असं म्हणणारा तरुण कुठल्याही भाषेत लेखकांना आवडतो. सुरतेतल्या लिंबायतमध्ये बसून ती वाचली की मात्र डीन आपोआप बाजूला सरकतो. आपण पहिल्याच भागातल्या एका कापसाच्या शेतापाशी अडतो आणि पुढचे सगळे प्रवास वाचताना मन त्या शेतातून हलत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. १९४७ सालची, पावसाळ्यानंतरची. निवेदक सॅल पॅरडाइस कॅलिफोर्नियात आहे आणि त्याचा खिसा रिकामा होत आलाय. बेकर्सफील्डच्या बसस्थानकावर त्याला टेरी दिसते. मेक्सिकन, लहानखुरी, मारकुट्या नवऱ्यापासून निघून आलेली, मुलाला आई-बापांकडे ठेवून आलेली. दोघं लॉस एंजेलिसला जातात. हॉटेलच्या खोलीत आधी एकमेकांवर भलभलते संशय घेतात, मग एकमेकांचे होतात. पैसे संपतात. लिफ्ट मागत न्यूयॉर्कपर्यंत जायचा बेत पहिल्याच टप्प्यात फसतो, तेव्हा टेरी त्याला आपल्या मुलखात, सबिनालला घेऊन येते. तिथे रोजच्या एक डॉलर भाड्याचा तंबू मिळतो. शंभर पौंड कापूस वेचला की तीन डॉलर. सॅलच्या हाताला दिवसाकाठी दीड डॉलर लागतो, म्हणजे तंबूचं भाडं दिल्यावर उरलेल्या अर्ध्या डॉलरात तिघांचं पोट. टेरी आणि तिचा छोटा जॉनी त्याच्या पुढे झपाझप वेचत जातात आणि जाताना त्याच्यासाठी साफ कापसाचे ढीग मागे ठेवतात. त्याने ते आपल्या पिशवीत भरायचे. खानदेशात ज्याने एक दिवस जरी वेचणी केली आहे त्याला हे वाचून हसू येईल. अशा गड्याला आमच्याकडे बाया दुपारपर्यंत घरी पाठवतात.

मग थंडी पडू लागते, काम आटतं, आणि सॅलला घर आठवू लागतं. मावशीची मनिऑर्डर येते. तो टेरीला म्हणतो, न्यूयॉर्कला भेटू. ती येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. तो निघतो.

समीक्षक या भागाला फसलेलं प्रेम म्हणतात, आणि त्याचं कारण शोधायला नायकाच्या स्वभावाकडे वळतात. अस्थिर मन, जबाबदारीची भीती, पुढच्या वळणाचं वेड. मला हे पटत नाही. कारण कादंबरीतच स्पष्ट लिहिलेलं आहे आणि ते टपालाने आलेलं आहे. सॅलकडे पैसे मागवायला एक घर होतं. टेरीकडेही घर होतं, चार पावलांवर, पण तिथून पैसे येणार नव्हते. तिथे उलट तिनेच चार पैसे नेऊन द्यायचे होते. दोघं एकाच तंबूत झोपत, एकाच शेतात राबत, पण एकाची मनिऑर्डर घराकडून येत होती आणि दुसरीची घराकडे जात होती. अशा दोघांचं जमलं असतं तर तो चमत्कार झाला असता.

भटक्या कोण आणि पोटासाठी निघालेला कोण, हे ठरवायला ही कसोटी मला पुरेशी वाटते. मन किती अस्वस्थ आहे ते विचारू नये. अस्वस्थ सगळेच असतात. पैसा कोणत्या दिशेने वाहतो ते बघावं.

लिंबायतची सगळी वस्तीच या कसोटीच्या एका बाजूला उभी आहे. रेल्वेच्या पूर्वेकडचा हा भाग, अलीकडे रिंग रोडचे कापड बाजार, दक्षिणेला उधना, पलीकडे डिंडोली, गोडादरा, परवत पाटिया. मध्ये ते गरनाळं, पावसाळ्यात पाण्याने भरलं की अर्धी वस्ती कामावर उशिरा पोचते. इथे मराठी बोलणारा माणूस बहुतेक खानदेशचा: जळगाव, धुळे, नंदुरबार. घरात अहिराणी, शाळेत मराठी, कामावर हिंदी, सरकारी कागदावर गुजराती. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, श्रावणात खानदेशची कानबाई देवी बसते, रोट होतात. ताप्ती व्हॅली रेल्वेचा रूळ विसाव्या शतकाच्या तोंडावर पडला, तेव्हापासून हा रस्ता चालू आहे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, उधना. नवापूरला तर फलाटच दोन राज्यांत वाटला गेलाय, एकाच बाकाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत. लोक तिथे उतरून फोटो काढतात. रात्रीच्या गाडीने जाणारा लूम कारागीर तिथे झोपलेला असतो.

हा माणूस कापसाच्या मुलखातून येतो आणि इथे पॉलिस्टरवर काम करतो. बापाने पिकवलेल्या बोंडाचा धागा त्याच्या मागावर कधीच चढत नाही. काळ्या मातीत ज्याला पांढरं सोनं म्हणतात ते सुरतेच्या साडीत औषधालाही नसतं. पूर्वी खानदेशालाही स्वतःच्या गिरण्या होत्या, अमळनेरची प्रताप मिल होती. कापूस तिथेच विकला जाई, तिथेच विणला जाई. आता कापूस एका दिशेला जातो आणि कापूस पिकवणाऱ्याचा पोरगा दुसऱ्या.

या रस्त्यावरून पैसा गावाकडे गेला. आधी मनिऑर्डरने, मग गावाकडे निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती, आता मोबाइलवरून. बहिणीचं लग्न, विहिरीचं खोदकाम, बियाण्याची उधारी, बापाचं ऑपरेशन. खानदेशातली कितीतरी सिमेंटची घरं बारा-बारा तासांच्या पाळ्यांतून उभी राहिली आहेत. गावाकडून लिंबायतला काय आलं? ज्वारी आली. दादर ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, कळण्याचं पीठ, उन्हाळ्यात वाळवलेले पापड. माझ्या कसोटीत ही पोती नीट बसत नाहीत हे मान्य करतो. गाव नुसतंच घेत नव्हतं, देतही होतं. पण ते भाकरीपुरतं होतं. दादरच्या पोत्यावर कोणी सॅन फ्रान्सिस्कोला जात नाही.

आता हीच कसोटी आपल्या पुस्तकांना लावून बघू. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला जातो, बापाचे पैसे उडवतो, शिक्षणाचा विचका करतो आणि सांगवीला परततो. त्याचं परतणं मराठीतलं सगळ्यात प्रसिद्ध परतणं असेल. ते खरंही आहे, बोचरंही आहे. पण बापाकडून पुण्याला पैसे येत होते, म्हणून पांडुरंगाला उदास होता आलं. त्याच काळात त्याच तापीकाठचा, त्याच वयाचा दुसरा एखादा मुलगा सुरतेला गेला असेल, तर त्याच्या उदासपणाला रविवारची सुट्टीच काय ती मिळाली असेल. नेमाड्यांना हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणत नाही. पांडुरंग बापाशी ज्या कडवटपणे भांडतो त्यात या पैशाची लाज मिसळलेली आहे. सॅलच्या सुरात ती लाज फारशी नाही. म्हणून मला 'कोसला' जास्त प्रामाणिक वाटते.

दुसरं पुस्तक त्याहून जुनं. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ साली निघाले ते घरावरच्या कर्जापायी. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, देणं फिटेल, एवढाच हिशेब. वाटेत बंड पेटलं, झाशीच्या वेढ्यात सापडले, मिळवलेलं लुटलं गेलं. परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आई-वडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. 'माझा प्रवास' छापून यायला १९०७ साल उजाडावं लागलं. आपण ते बंडाचं साक्षीदार पुस्तक म्हणून वाचतो. माझ्या दृष्टीने मराठीतली रस्त्याची पहिली मोठी कथा तीच, आणि तिचा नायक भटक्या नाही. तो घरी पैसे आणायला निघालेला माणूस आहे. पैशाऐवजी पाणी घेऊन येतो आणि घर त्याला आत घेतं, हे त्यातलं भाग्य.

तिसरं नाव अण्णा भाऊ साठ्यांचं. वाटेगावाहून बापाबरोबर लहानपणी पायी मुंबई गाठलेला हा माणूस. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. तिच्यात विरह आहे, गिरणगाव आहे, पोटासाठी सोडलेलं गाव आहे, आणि गावी राहिलेली मैना पुढे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख होते. सॅलच्या गोष्टीची सगळी सामग्री इथे आहे. फक्त सांगणारा उलट बाजूचा आहे. त्याचे पैसे गावाकडे जातात, त्यामुळे विरह त्याला निवडावा लागत नाही. तो पगाराबरोबर मिळतो.

या सगळ्यात गंमत अशी, की केरुआक स्वतः लिंबायतसारख्याच वस्तीतला होता. मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल हे १८२० च्या दशकात कापड गिरण्यांसाठी उभारलेलं शहर. दक्षिणेत गुलामांनी वेचलेला कापूस तिथे विणला जाई. आधी आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली गिरण्यांच्या बोर्डिंगांत राहून काम करत, मग आयरिश आले, मग कॅनडाच्या क्वेबेकमधून फ्रेंच बोलणारे शेतकरी आले. १८४० ते १९३० या काळात क्वेबेक सोडून न्यू इंग्लंडकडे गेलेल्यांची संख्या नऊ लाखांच्या आसपास सांगतात. लोवेलमध्ये त्यांची 'लिटल कॅनडा' नावाची वस्ती होती. त्यांचं चर्च वेगळं, शाळा वेगळी, भाषा वेगळी. घरी जी फ्रेंच बोलली जाई तिला पॅरिसचे लोक नाक मुरडत, जसे पुण्याचे लोक अहिराणीला मुरडतात. १९२२ साली जन्मलेल्या केरुआकची पहिली भाषा ती. इंग्रजी तो शाळेच्या वयात शिकला. वडिलांचा छापखाना होता. १९३६ साली मेरिमॅक नदीला पूर आला आणि त्या धंद्याने जबर मार खाल्ला. ऑगस्ट २००६ मध्ये तापी ज्यांच्या घरात शिरली त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे पहिली पिढी शेत सोडून मागावर आली, दुसरी पिढी छोट्या धंद्यात शिरली, आणि तिसऱ्या पिढीतल्या एका मुलाला रस्त्याचं वेड लागलं. रस्ता सुंदर दिसायला आधी कोणीतरी तो पोटासाठी तुडवावा लागतो. जिने तो तुडवला त्या पिढीला त्यात सौंदर्य दिसलं नाही आणि तिने कादंबरीही लिहिली नाही.

'ऑन द रोड'मध्ये लोवेल नाही. केरुआकने निवेदकाचं नाव बदललं आणि त्याचं घर न्यू जर्सीतल्या पॅटरसनला नेऊन ठेवलं. प्रत्यक्षात तो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आईजवळ राहत होता. कादंबरीतली मावशी ती आईच. ती बुटांच्या कारखान्यात काम करायची आणि तिच्या मजुरीवर लेकाच्या वह्या आणि वाटा दोन्ही चालायच्या. पण पॅटरसनच का? या शहराचं टोपणनावच 'सिल्क सिटी'. १९१३ साली तिथले सुमारे पंचवीस हजार रेशीम कामगार संपावर गेले. एका विणकराकडे दोनऐवजी चार माग देण्याचा मालकांचा डाव आणि आठ तासांच्या दिवसाची मागणी, ही त्या संपाची मुख्य कारणं. संप काही महिने चालला आणि हरला. लिंबायतच्या कारागिराला चार मागांची गोष्ट सांगून बघावी. तो विचारील, फक्त चार? आर्ट सिल्क विणणाऱ्या आमच्या शहरात एकेकाच्या वाट्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट माग असतात आणि त्यावरून संप होत नाही.

केरुआकने पॅटरसन नेमकं कशासाठी निवडलं याच्या खोलात मी जात नाही. कादंबरीच्या नकाशात जे दिसतं ते एवढं: लेखक गिरणीच्या गावचा, निवेदकाचं घर रेशमाच्या गावात, प्रेम कापसाच्या शेतात. वेगाची म्हणून गाजलेली ही कादंबरी एका बाजूने कापडाच्या धंद्याची कादंबरी आहे आणि तिच्या चाहत्यांनी ते फारसं मनावर घेतलेलं नाही.

सॅल घरी पोचतो तो प्रसंग बघा. टाइम्स स्क्वेअरला संध्याकाळच्या गर्दीत उतरतो, बसभाड्यासाठी भीक मागतो, घरी जाऊन बर्फाच्या पेटीतलं होतं नव्हतं ते खातो. मावशीने एवढ्या काळात घरातल्या सगळ्यांच्या जुन्या कपड्यांच्या चिंध्यांची एक मोठी सतरंजी विणून काढलेली असते, आपल्याकडे आजी गोधडी शिवते तशी. डीन येऊन, तिथे राहून, मावशीशी गप्पा मारून दोन दिवसांपूर्वीच निघून गेलेला असतो. नंतर सॅल आणि मावशी मिळून विजेवर चालणारा नवा फ्रिज घ्यायचं ठरवतात, घराण्यातला पहिला. या पानांत केरुआक मला सगळ्यात आवडतो. भटकंतीच्या गाजावाज्यामागे एक बाई बसून चिंध्या विणत होती, हे त्याने लपवलेलं नाही. डीनसुद्धा तिच्याशी बोलत बसला होता.

पण घर नेहमी असं दार उघडून बसलेलं नसतं, आणि हे लिंबायतला चांगलं ठाऊक आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला. वेड रोडच्या कामगार वस्त्यांत माणसं मेली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले. गाड्यांच्या टपावर बसून, ट्रकने, मिळेल तसे. इतक्या लोकांनी एकाच आठवड्यात 'गावले जायचं' ठरवल्याचं या शहराने तोवर पाहिलं नव्हतं. पण ज्या गावाला वर्षानुवर्षं पैसे पाठवले त्या गावाला आता हा माणूस रोग घेऊन आलेला दिसत होता. स्टेशनांवर तपासण्या, गोळ्या, वेशीवर कुजबुज. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये तेच पुन्हा झालं. लिंबायतचा झोन तेव्हा शहरातल्या सर्वाधिक रुग्णांच्या भागांपैकी होता, आणि गावाकडच्या शाळांच्या वर्गखोल्या परतणाऱ्यांना वेगळं ठेवायला उघडल्या गेल्या. गावाच्या घरातली आपली खोली स्वतःच्या पैशाने बांधलेली आणि आपण शाळेच्या फरशीवर. सॅल पॅरडाइसच्या मावशीने त्याला असं कधी ठेवलं नसतं. घरी परतणं हा कादंबरीचा शेवट तेव्हाच होऊ शकतो, जेव्हा परतणाऱ्याची घराला भीती वाटत नाही आणि घराला त्याच्या पुढच्या पगाराची वाटही बघायची नसते.

प्रेमाचं काय? रस्त्याची कादंबरी प्रेम फसतं असं सांगते. पोटाच्या रस्त्यावर ते फसतही नाही, कारण त्याला फसायची मोकळीक नसते. बारडोलीच्या साखर कारखान्याकडे वर्षानुवर्षं खानदेशातून ऊसतोडीच्या टोळ्या येत राहिल्या. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने त्यांच्यावर सत्तरच्या दशकात लिहिलं, आणि पुढे १९९६ साली 'फुटलूज लेबर' नावाचं पुस्तक दक्षिण गुजरातच्या अशाच पायाला भिंगरी लागलेल्या मजुरांवर काढलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तिथे एखाद्या बाईने सांगावं की माझं या माणसाशी पटत नाही, मी निघाले, तर आधी उचल कोण फेडणार हा प्रश्न येतो. सबिनालच्या तंबूतही टेरी, सॅल आणि जॉनी मिळून एक वेचणीची जोडीच होती. अर्धा कोयता निघून गेला आणि त्याला अमेरिकन साहित्याने प्रेमभंग म्हटलं.

लिंबायतच्या पहिल्या पिढीचं प्रेम खोलीभाड्यावर ठरायचं. पाच-सहा जण मिळून एक खोली, पाळीप्रमाणे झोपायची जागा बदलायची, बायको गावी. वर्षातून दोनदा भेट, दिवाळीला आणि लग्नसराईत. अशा संसारात भांडण व्हायलाही वेळ पुरत नसे. मग जरा बरे दिवस आले, बायका-मुलं इकडे आली, आणि घरोघरी साड्यांची पोटली येऊ लागली. धागे कापायचे, खडे चिकटवायचे, नगावर पैसे. ही कामं बायका आणि मुली करतात, टीव्ही बघत, स्वयंपाक करत, अभ्यास करत. रिंग रोडवर झगमगणारी साडी लिंबायतच्या एखाद्या खोलीतून गेलेली असते, आणि ती नेसणारीला ते ठाऊक असण्याचं काही कारण नाही.

दुसऱ्या पिढीच्या मुलींबाबत मात्र एक विचित्र उलटापालट झालीय, आणि मला तीच या सगळ्यातली खरी कादंबरी वाटते. मुलगी सुरतेत जन्मली, सुरतेत वाढली, गुजराती मैत्रिणींबरोबर नवरात्रात गरबा खेळली, बाजारात हिशेब ठेवण्याचं काम शिकली. कोणावर तरी मन बसलं. तो ओडिया असेल, उत्तर भारतीय असेल, किंवा आपल्याच भाषेचा पण दुसऱ्या जातीचा. घरच्यांना कळलं, की तिच्यासाठी स्थळ बघितलं जातं ते खानदेशातलं, नात्यातलं, शेतीवाडीवालं. गाव तिने सुट्टीत बघितलेलं असतं. लग्न करून ती 'आपल्या' गावी जाते, जिथे ती कधी राहिलीच नाही. बापाच्या दृष्टीने घराणं मुळाशी परतलं. तिच्या दृष्टीने तिला शहराबाहेर काढलं. आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. ही लेक आखाजीला माहेरी येते ती उलट्या दिशेने, नंदुरबारहून गाडीत बसून उधन्याला उतरते. तिचं माहेर लिंबायतच्या तिसऱ्या गल्लीतली दहा बाय बाराची खोली. झोका बांधायला तिथे तुळई नाही.

सॅलच्या प्रेमभंगाला जगभर वाचक मिळाले. या मुलीच्या घरवापसीला आपण अजून घरवापसी म्हणूनही ओळखत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही साहित्याला पोस्टाच्या खिडकीवर आणून उभं केलंत. माणूस रस्त्यावर निघतो त्यामागे काही अनामिक ओढ असते, ती मनिऑर्डरच्या पावतीत मावत नाही. खरं आहे. लिंबायतच्या पहिल्या पिढीतही केवळ गाव नको म्हणून पळालेले होते. सावकारीपेक्षा भावकीला कंटाळलेले होते, जातीच्या पंगतीतून उठलेले होते. त्यांना विचारलं तर ते पोटाचं कारण सांगतात, कारण तेच सांगायला सोपं असतं. केरुआकच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. टेरीचा भाग हा त्याच्या लेखनातला सगळ्यात सच्चा भाग आहे, कारण तिथे तो काही काळ का होईना खरोखर राबला. आसपासचे लोक आपल्याला मेक्सिकनच समजतात आणि एका अर्थी आपण तेच आहोत, असं सॅलला तिथे वाटतं. हे वाक्य आज वाचताना मी चिडतो आणि लगेच थबकतो. गिरणीच्या गावचा, घरी फ्रेंच बोलणारा मुलगा ते म्हणतोय. त्याला तसं वाटण्यात ढोंग अर्धंच आहे. दुसरा अर्धा भाग आजोबांकडून आलेला आहे.

टेरी खरी होती. तिचं नाव बिया फ्रँको. 'ऑन द रोड' यायच्या आधी, १९५५ साली, तिची गोष्ट 'द मेक्सिकन गर्ल' या नावाने 'पॅरिस रिव्ह्यू'मध्ये छापून आली आणि पुढच्या वर्षीच्या उत्तम अमेरिकन कथांच्या संग्रहात गेली. म्हणजे केरुआकच्या रस्त्याला प्रकाशकांच्या जगात वाट तिनेही करून दिली. तो गेल्यावर तिने त्याला पत्रं लिहिली होती. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात ती त्याच्या कागदपत्रांत जपून ठेवलेली आहेत. तिला मात्र आपण कुठल्या कादंबरीत आहोत याचा पत्ता नव्हता. ती फ्रेस्नोच्या परिसरातच राहिली, राबली, म्हातारी झाली. टिम हर्नांडेझ या लेखकाने तिला शोधून काढलं तेव्हा तिने नव्वदी गाठली होती. तिच्यावरची त्याची कादंबरी २०१३ साली आली आणि त्याच वर्षी ती गेली. हर्नांडेझ स्वतः त्याच खोऱ्यातल्या शेतमजुरांचा मुलगा. केरुआकवर तोवर चरित्रांची चळत लिहिली गेली होती. या बाईचं दार वाजवायला मात्र शेतमजुराचं पोर यावं लागलं.

लिंबायत आता तिसऱ्या पिढीत शिरलंय. २०१२ पासून इथली आमदारकी संगीता पाटील यांच्याकडे आहे. ज्या लोकसभा मतदारसंघात लिंबायत येतं त्या नवसारीचे खासदार सी. आर. पाटील जळगावकडचे. म्हणजे परकेपणाची भाषा इथे आता निवडणुकीतही चालत नाही. पोरं रविवारी बाइक काढून सापुताऱ्याला जातात, दमणला जातात, आणि दमणला कशासाठी जातात ते गुजरातेत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. रीलमध्ये घाटाचं वळण, मागे गाणं. पेट्रोलचे पैसे पुष्कळदा आईच्या धागे कापण्यातून आलेले असतात. मनिऑर्डरची दिशा फिरली आहे. माझ्या कसोटीप्रमाणे ही पोरं आता सॅलच्या बाजूला गेली, त्यांच्यातला एखादा पुढेमागे लिहील, आणि त्याच्या गोष्टीतही कुठेतरी एक मुलगी मागे राहिलेली असेल. तिने त्याला व्हॉट्सॲपवर काय लिहिलं ते कुठल्या ग्रंथालयात जपलं जाणार नाही.

तो कुठल्या भाषेत लिहील याची मला फार उत्सुकता आहे. केरुआकने १९५२ साली रस्त्याचीच एक कथा आपल्या घरच्या फ्रेंचमध्ये लिहून पाहिली होती, 'स्युर ल शमँ' नावाची. ती छापून आली २०१६ साली, तो गेल्यावर ४७ वर्षांनी. लिंबायतचा मुलगा बहुधा हिंदीत किंवा गुजरातीत लिहील, कारण त्याचं शिक्षण आणि भांडणं त्या भाषांत झालेली असतील. त्याला काही हरकत नाही. कादंबरी गाजली तर मराठीत तिचा अनुवाद होईल, पुण्यात प्रकाशन समारंभ होईल, व्यासपीठावर कोणीतरी त्याला मराठीचा केरुआक म्हणेल, आणि त्याच्या आजीच्या तोंडची अहिराणी वाक्यं तळटीप देऊन छापली जातील.